तप्त गुरूंचा माग आणि शहापूर-मुरबाडचा अंधार

पूर्वाभाद्रपदा नक्षत्राच्या दोन ठळक ताऱ्यांना जोडणारी रेष कल्पिली तर तिच्या मधोमध, जरा पश्चिमेला, साडेपाच प्रतीचा एक मंद तारा आहे. त्याचे नाव ५१ पेगासी. ठाण्या-कल्याणच्या गच्चीवरून तो दिसत नाही. मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे सह्याद्रीच्या कड्याखाली किंवा शहापुरात डोळखांबच्या पलीकडे, कार्तिकातल्या अमावास्येच्या आसपास आकाश निरभ्र असेल तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसण्याच्या आवाक्यात येतो. १९९५ साली मिशेल मायोर आणि दिदिए केलॉ यांनी याच ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह शोधला. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा तो पहिला ज्ञात बाह्यग्रह ठरला आणि २०१९ मध्ये त्यासाठी दोघांना नोबेल मिळाले. पण हा ग्रह कोणालाच अपेक्षित नव्हता. वस्तुमान निदान गुरूच्या निम्म्याच्या आसपास, ताऱ्यापासूनचे अंतर मात्र जेमतेम ८० लाख किलोमीटर आणि वर्ष सव्वाचार दिवसांचे. आपला बुधसुद्धा सूर्यापासून ५ कोटी ८० लाख किलोमीटरवर आहे. गुरू तर ७८ कोटी किलोमीटरवर राहून बारा वर्षांत एक फेरी मारतो. अशा ग्रहांना पुढे ‘तप्त गुरू’ हे नाव पडले. ते तिथे पोहोचले कसे आणि पोहोचल्यावर त्यांच्या कक्षांचे काय होते, हा प्रश्न तीस वर्षांनंतरही पुरता सुटलेला नाही. तो सोडवण्याच्या कामात शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांना खरा वाटा उचलता येईल, आणि त्यासाठी त्यांचा अंधार राखणे हा सार्वजनिक धोरणाचा विषय व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

आधी प्रश्न नीट समजून घेऊ. गुरूसारखा ग्रह घडायला बर्फ, धूळ आणि वायू यांचा मोठा साठा लागतो. पृथ्वीच्या दहापट वस्तुमानाचा गाभा तयार व्हावा लागतो आणि नवजात ताऱ्याभोवतीची वायूची तबकडी विरून जाण्याआधी, म्हणजे काही दशलक्ष वर्षांत, त्याने भोवतालचा वायू ओढून घ्यावा लागतो. ताऱ्याला इतके लगटून तापमान हजार अंशांच्या वर जाते. तिथे बर्फ गोठत नाही आणि कच्चा मालही तुटपुंजा असतो. तप्त गुरू जागच्या जागी घडले असावेत, असे मांडणारे अभ्यासक आजही आहेत, पण बहुतेकांचे मत ते दूर जन्मले आणि नंतर आत आले असेच आहे. विशेष म्हणजे १९५२ मध्येच ऑटो स्ट्रूव्ह यांनी एका छोट्या लेखात लिहून ठेवले होते की ताऱ्याच्या अगदी निकट फिरणारा मोठा ग्रह असणे अशक्य नाही, आणि असलाच तर ताऱ्याची हालचाल मोजून किंवा त्याच्या तेजातली घट टिपून तो सापडेल. त्या काळी त्यांच्या सूचनेकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. आपली सूर्यमाला हाच नमुना धरून सगळे चालले होते.

आत येण्याचे दोन मार्ग मुख्यतः मांडले जातात. पहिला शांत. ग्रह आणि वायूची तबकडी यांच्या परस्पर गुरुत्वाकर्षणामुळे ग्रहाची कक्षा हळूहळू आक्रसत जाते. याचे गणित गोल्डराइश आणि ट्रीमेन यांनी १९८० मध्ये, म्हणजे ५१ पेगासीचा ग्रह सापडण्याच्या पंधरा वर्षे आधीच केले होते. दुसरा मार्ग उलथापालथीचा. दोन-तीन मोठे ग्रह एकमेकांच्या जवळ येतात आणि त्यांतला एक अतिलांबट कक्षेत फेकला जातो. किंवा दूरवरचा जोडतारा लाखो वर्षे ओढत राहून ग्रहाची कक्षा लांबवत नेतो. हा परिणाम १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लिडॉव आणि कोझाई यांनी स्वतंत्रपणे दाखवला. अशा कक्षेतला ग्रह दर फेरीला ताऱ्याच्या अगदी जवळून जातो, त्याच्या पोटात भरती-ओहोटीचे ताण निर्माण होतात, त्यात ऊर्जा खर्ची पडते आणि कक्षा आखडत अखेर वर्तुळाकार होते. दोन्ही मार्गांच्या खुणा वेगळ्या असायला हव्यात. शांतपणे सरकत आलेल्या ग्रहाची कक्षा ताऱ्याच्या विषुववृत्ताशी जुळलेली असावी आणि त्याचे शेजारी शाबूत असावेत. उलथापालथीतून आलेला ग्रह कललेल्या, प्रसंगी उलट्या दिशेच्या कक्षेत असावा, एकटा असावा, आणि ज्यांच्या कक्षा अजून पुरत्या वर्तुळाकार झालेल्या नाहीत असे काही ग्रह वाटेतच सापडावेत.

सापडलेही. वास्प-१७ बी हा ग्रह ताऱ्याच्या परिवलनाच्या उलट दिशेने फिरतो, असे २००९ मध्ये दिसून आले, आणि तसे आणखी कित्येक मिळाले. केपलर दुर्बिणीच्या नोंदी तपासल्यावर बहुसंख्य तप्त गुरूंच्या जवळपास दुसरा ग्रह नसल्याचे आढळले. २०२४ मध्ये अरविंद गुप्ता आणि सहकाऱ्यांनी सुमारे १६६ दिवसांच्या, धूमकेतूसारख्या अतिलांबट आणि उलट्या कक्षेत फिरणारा गुरूच्या पाचपट वस्तुमानाचा ग्रह जाहीर केला. तो तप्त गुरू होण्याच्या वाटेवरच पकडला गेला, असे म्हणायला हरकत नाही. आपल्या देशातलाही एक पुरावा आहे. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूच्या गुरुशिखरावरील १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला ‘पारस’ हा वर्णपटमापक जोडून २०२३ मध्ये टीओआय-४६०३ बी हा ग्रह शोधला. वस्तुमान गुरूच्या जवळपास तेरापट, फेरी सव्वासात दिवसांची आणि कक्षा अजूनही ठळकपणे लंबवर्तुळाकार. भरतीच्या ताणांनी तिला गोल करण्याचे काम चालू असावे, असा त्याच्या शोधकांचा निष्कर्ष आहे.

हा सगळा पुरावा पाहता बहुतेक तप्त गुरू उलथापालथीतून आले, याकडे माझा कल झुकतो. तरी प्रश्न मिटला असे म्हणणे घाईचे होईल. वास्प-४७ या ताऱ्याभोवती तप्त गुरूच्या आत आणि बाहेर दोन्हीकडे लहान ग्रह सुखरूप फिरताना २०१५ मध्ये दिसले. लांबट कक्षेतून मुसंडी मारत आलेला राक्षसी ग्रह असे शेजारी शिल्लक ठेवत नाही. कललेल्या कक्षेचा पुरावाही निर्विवाद नाही, कारण मुळात ताऱ्याभोवतीची तबकडीच कललेली असू शकते. मला सर्वांत बोलका वाटणारा पुरावा अंतराचा आहे. ताऱ्याच्या किती जवळ गेल्यावर ग्रह फाटून जाईल, याची एक मर्यादा गणिताने काढता येते. अतिलांबट कक्षेतून येऊन गोल कक्षेत स्थिरावलेला ग्रह या मर्यादेच्या निदान दुप्पट अंतरावर थांबला पाहिजे, कारण कक्षा गोल होताना कोनीय संवेग टिकून राहतो. बहुतेक तप्त गुरू खरोखरच दुपटीच्या बाहेर आहेत. काही मात्र आत आहेत. ते वेगळ्या वाटेने आले, की बाहेर थांबून नंतर आणखी आत सरकले? याचे उत्तर उगमाच्या तर्कातून निघत नाही. त्यासाठी कक्षा आज आक्रसते आहे का, हे घड्याळ लावून पाहावे लागते. उगमाचा प्रश्न अशा रीतीने कक्षेच्या आजच्या वर्तनापाशी येऊन ठेपतो, आणि इथेच लहान दुर्बिणींचे काम सुरू होते.

कक्षा आक्रसण्याचे कारण आपल्या ओळखीचे आहे. चंद्रामुळे ठाण्याच्या खाडीला भरती येते आणि त्याच भरतीच्या ओढीने चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो, कारण पृथ्वीचे परिवलन चंद्राच्या फेरीपेक्षा वेगवान आहे. तप्त गुरूच्या बाबतीत हे उलटे असते. तारा सावकाश फिरतो, ग्रह झपाट्याने. ताऱ्यावर उठलेला फुगवटा ग्रहाच्या मागे राहतो, ग्रहाला मागे खेचतो आणि ग्रह आत घसरतो. किती वेगाने, ते ताऱ्याच्या अंतरंगात ऊर्जा किती सहज विरते यावर ठरते आणि सिद्धांतांचे अंदाज यात फार मोठ्या फरकाने चुकू शकतात. हे मापन पहिल्यांदा जमले ते सारथी तारकासमूहातल्या वास्प-१२ बी या ग्रहावर. तो ताऱ्यापासून अवघ्या ३५ लाख किलोमीटरवर आहे, वर सांगितलेल्या दुपटीच्या बराच आत, आणि सुमारे २६ तासांत फेरी पुरी करतो. २०१६ मध्ये पोलंडच्या ग्राट्सियान मात्सिएयेव्स्की यांच्या गटाला त्याची अधिक्रमणे, म्हणजे ताऱ्यापुढून जाण्याच्या घटना, ठरल्या वेळेआधी घडत असल्याचे दिसले. पण लंबवर्तुळाचा अक्ष फिरल्यामुळेही तसे दिसू शकते. शंका फिटायला आणखी चार वर्षांच्या नोंदी लागल्या. २०२० मध्ये निश्चित झाले की फेरीचा काळ दरवर्षी २९ मिलिसेकंदांनी घटतो आहे आणि सुमारे तीस लाख वर्षांत हा ग्रह ताऱ्यात विलीन होईल. केपलर-१६५८ बी या दुसऱ्या ग्रहाचीही अशीच घसरण श्रेयस विस्सप्रगडा यांच्या गटाने २०२२ मध्ये दाखवली. खात्रीने मोजता आलेली उदाहरणे अद्याप एवढी थोडी आहेत की त्यांवरून शेकडो तप्त गुरूंबद्दल सरसकट विधान करता येत नाही.

२९ मिलिसेकंद ऐकायला नगण्य वाटतात. पण हा फरक साठत जातो आणि काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. पाच वर्षांत अधिक्रमण दोन मिनिटे आधी घडते, दहा वर्षांत आठ मिनिटे, वीस वर्षांत अर्ध्या तासाहून अधिक. वीस सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण, तारा धरून ठेवणारी मोटारीची बैठक, थंड केलेला कॅमेरा, उपग्रहावरून वेळ घेणारे घड्याळ आणि साधा संगणक एवढ्या साहित्यावर अधिक्रमणाची मध्यवेळ एक-दोन मिनिटांच्या आत काढता येते. जानेवारीतली एक रात्र घेऊ. सारथी डोक्यावर येत असतो. अधिक्रमण तीन तासांचे, त्याच्या आधी एक तास आणि नंतर एक तास धरून पाच तास मिनिटाला एक छायाचित्र घ्यायचे. भातसा खोऱ्यात पहाटे दव उतरते, म्हणून भिंगाभोवती ऊब देणारा पट्टा गुंडाळावा लागतो. मग सुमारे तीनशे छायाचित्रांत वास्प-१२ चे तेज शेजारच्या चार स्थिर ताऱ्यांशी ताडून पाहायचे. आलेखात दीड टक्क्याच्या आसपासचा एक खळगा दिसतो. त्या खळग्याचा मध्य ही त्या रात्रीची कमाई. फेरी २६ तासांची असल्यामुळे वेळ रोज सव्वादोन तास पुढे सरकते, म्हणजे दर अकरा दिवसांनी सोयीच्या रात्री परत येतात. हे हौशी लोकांचे खेळणे समजू नये. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्यापुढून ग्रह जाताना डेव्हिड शार्बोनो यांनी पहिल्यांदा टिपला तो दहा सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, आणि वास्प प्रकल्पाने आपले ग्रह शोधले ते बाजारात मिळणाऱ्या छायाचित्रणाच्या भिंगांतून.

उपग्रह असताना गावात दुर्बीण कशाला, असे कोणी विचारेल. टेस हा उपग्रह २०१८ पासून उत्तम काम करतो आहे, पण तो आकाशाचा एक पट्टा साधारण २७ दिवस पाहतो आणि पुढे सरकतो. केपलर नऊ वर्षांनी बंद पडला. उपग्रहांचे आयुष्य मोजके असते आणि हा प्रश्न वीस-तीस वर्षे सलग पाठपुरावा मागतो. युरोपीय अवकाश संस्थेच्या नियोजित एरियल मोहिमेसाठी ‘एक्सोक्लॉक’ हा प्रकल्प जगभरातल्या लहान दुर्बिणींच्या नोंदी गोळा करतो तो याचसाठी. त्यात नोंद पाठवायला शहापूरच्या विज्ञान महाविद्यालयाला कोणाच्या परवानगीची गरज नाही. दुसरा आक्षेप पावसाचा. जून ते सप्टेंबर इथे आकाश दिसत नाही, हे खरे. पण सारथी, महाश्व, मिथुन हे तारकासमूह आपल्याकडे रात्री उंच असतात ते ऑक्टोबर ते मार्चमध्येच. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: तेजस्वी ताऱ्यांची अधिक्रमणे शहरातूनही मोजली जातात, मग अंधाराचा आग्रह का? सातव्या-आठव्या प्रतीच्या ताऱ्यांपुरते ते मान्य करावे लागेल. वास्प-१२ मात्र बाराव्या प्रतीच्या जवळ आहे. लहान दुर्बिणीत अशा ताऱ्याचा प्रकाश उजळलेल्या आकाशाच्या पार्श्वभूमीत बुडतो आणि दीड टक्क्याचा खळगा गोंगाटात हरवतो. मोजण्याजोगे बहुतेक तप्त गुरू याच मंद वर्गात मोडतात.

हा अंधार झपाट्याने उणा होतो आहे. पश्चिमेचे क्षितिज भिवंडी-कल्याणच्या उजेडाने केव्हाच पांढुरके झाले. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा शहापूर तालुक्यातून खुला झाला. फार्महाऊस, रिसॉर्ट आणि गावोगावचे हायमास्ट यांची भर रोज पडते आहे. पांढऱ्या एलईडीतला निळा अंश हवेत सर्वांत जास्त विखुरतो आणि क्षितिजाच्या किंचित वर जाणारा झोत आकाश सर्वांत दूरवर उजळवतो. या उजेडाचा जमिनीवर कोणाला उपयोग नाही. अंधार मागणे म्हणजे आदिवासी पाड्यांना दिवे नाकारणे, असा अर्थ कोणी काढला तर मी त्याला ठाम विरोध करीन. साप आणि बिबट्या असलेल्या भागात वाटेवर उजेड हवाच. तो वाटेवर पडावा, एवढीच मागणी आहे. दिव्याला वरून टोपण, रंग पिवळसर आणि मध्यरात्रीनंतर झोत मंद, एवढ्याने दोन्ही गरजा भागतात.

याची उदाहरणे राज्यातच आहेत. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी वाघोली, सिल्लारी आणि शेजारच्या गावांतले शंभरावर दिवे जमिनीकडे झोत टाकणारे बसवले गेले. दुसरे उदाहरण मुरबाडकरांच्या अगदी शेजारचे. माळशेज घाट चढून जुन्नर-नारायणगावकडे गेले की खोडदला जीएमआरटी लागते, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण. टाऊ बूटिस, एचडी १८९७३३ या ताऱ्यांभोवतीच्या तप्त गुरूंकडून रेडिओ लहरी येतात का, याचा शोध तिथून घेतला गेला. खात्रीचा संकेत आला नाही, पण अशा लहरी असल्याच तर किती क्षीण असतील याची मर्यादा हाती आली. त्या दुर्बिणीला लागणारी रेडिओ शांतता सरकारने मोलाची मानली. पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीचासुद्धा तिच्यापायी फेरविचार करावा लागला. घाटाच्या वर शांतता जपता येते, तर घाटाखाली अंधार जपणे त्याहून पुष्कळ स्वस्त आहे.

ज्या शहापूर तालुक्याच्या तानसा, भातसा, मोडक सागर या जलाशयांवर मुंबईची तहान भागते, त्याच तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिथे ताऱ्यांच्या गोष्टी कशाला, हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. पाण्याचा हक्क आधी, यावर दुमत नाही. पण दिव्याला टोपण लावल्याने कोणत्याही नळयोजनेचा पैसा अडत नाही. शहराने इथले पाणी नेले तेव्हा इथल्या माणसांना कोणी विचारले नाही. त्यांचे आकाशही न विचारता जाते आहे, आणि ते अडवणे हा त्याच हक्काचा भाग आहे. शिवाय या भागातल्या आश्रमशाळा निवासी आहेत. रात्री विद्यार्थी हजर असतात अशा शाळा शहरात शोधून सापडणार नाहीत. २०१९ मध्ये एचडी ८६०८१ या ताऱ्याला भारताने ‘बिभा’ हे नाव दिले, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम केलेल्या बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ. त्याभोवती दोन दिवसांत फिरणाऱ्या तप्त गुरूचे ‘संतमस’ हे नाव पुण्यातल्या तेरा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने सुचवलेले आहे. त्या वयाची मुले नाव सुचवू शकतात, तशी वेळही मोजू शकतात. शहापूरच्या एखाद्या आश्रमशाळेतल्या मुलींनी या हिवाळ्यात वास्प-१२ बीची मध्यवेळ नोंदवली आणि दहा वर्षांनी त्याच वहीत दुसऱ्या तुकडीने पुढची नोंद केली, तर आठ मिनिटांची तफावत त्यांच्याच हस्ताक्षरात दिसेल. ज्या ग्रहांची अजून अशी तपासणी झालेली नाही, त्यांच्या बाबतीत ती नोंद जगालाही नवी असेल.

शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने सुरुवातीला दोन आश्रमशाळा निवडाव्यात, एक डोळखांबच्या बाजूची आणि एक मुरबाडच्या पूर्वेची. दोन्ही तालुक्यांतल्या महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी त्यांचे पालकत्व घ्यावे. दुर्बिणीचा काही लाखांचा खर्च ठाणे जिल्हा नियोजन समितीला जड नाही. पेंचमध्ये वेधमनोरा आणि दुर्बीण यांसाठी जिल्हा नियोजनाचाच निधी वापरला गेला होता. आणि आमदार-खासदार निधीतून पुढचा हायमास्ट मंजूर करताना झोत क्षितिजाखालीच राहील, ही अट निविदेत घालायला जिल्हा परिषदेला नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.